मांगलीची कवटी आणि मलकापूरचा काळा दगड

दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट तुडवणाऱ्या तरुणांचे जथे चिखलाने माखून परततात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला चहा मलकापुरात होतो. हे मलकापूर शाहूवाडी तालुक्यातले. बुलढाण्याचे नव्हे आणि कराडजवळचेही नव्हे. विशाळगड जहागिरीच्या पंतप्रतिनिधींचे हे गाव. या वाटेवरचा प्रत्येक ओढा, प्रत्येक खिंड आणि जुलै १६६०ची ती रात्र या मंडळींना तोंडपाठ असते. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी पन्हाळा आणि विशाळगडाची तटबंदी कशी उद्ध्वस्त केली, हेही त्यांच्यापैकी अनेकांना सांगता येते.

मात्र ज्या दगडावरून ही सारी वाटचाल झाली, त्याचे वय विचारले की संभाषण थांबते. सह्याद्री ‘अनादी’ असल्याची समजूत मराठी मनात फार खोल रुजलेली आहे. पोवाड्यांनी ती जोपासली, भाषणांनी वाढवली. भूशास्त्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

मलकापूरच्या परिसरातील काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. दक्खन ट्रॅप या नावाने ओळखले जाणारे हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अस्ताच्या आगेमागे, एकावर एक पसरले. त्यांच्या माथ्यावरचा तांबडा जांभा तर त्याहूनही अलीकडचा. पावसाने आणि उन्हाने त्याच काळ्या दगडाचे केलेले ते रूपांतर आहे. पृथ्वीचे वय ४५० कोटी वर्षांहून अधिक. त्या मापाने सह्याद्री हा वयोवृद्ध ऋषी नसून घरातले धाकटे मूल ठरतो.

मग या काळ्या दगडाखाली काय आहे? मलकापूरच्या उत्तरेला, कोयनेच्या परिसरात, भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवरे घेण्यात आली. रासाटी येथील विवरात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्या तळाशी थेट २५० कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी खडक. मधे वाळू नाही, गाळ नाही, शिंपला नाही. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर सातवाहनांपूर्वीच्या पानानंतर एकदम आजचे वर्तमानपत्र, आणि मधली सगळी दप्तरे गहाळ.

या गहाळ दप्तरांत एक दप्तर ट्रायासिक काळाचे आहे: सुमारे २५.२ कोटी ते २०.१ कोटी वर्षांपूर्वीचा कालखंड. पश्चिम महाराष्ट्रात कितीही गड पालथे घातले तरी त्याचा मागमूस लागणार नाही. तो लागतो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा नदीच्या खोऱ्यात. तिथे नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाचे एक खेडे आहे. जगभरच्या पुराजीवशास्त्राच्या ग्रंथांत या खेड्याचे नाव गेली पावणेदोनशे वर्षे छापले जात आहे. महाराष्ट्राच्या इतिहासावर तासन्‌तास बोलणाऱ्यांच्या तोंडी ते क्वचितच येते. हे दुर्लक्ष क्षुल्लक नाही, आणि ते का नाही हेच या धाग्यात मांडायचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजचा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकत्र जोडलेले असताना या भूखंडाला लांबच लांब भेगा पडत होत्या. भेगांच्या दोन्ही बाजूंना जमीन उंच आणि मधला पट्टा खचत जाणारा. त्या खचणाऱ्या पट्ट्यांत नद्यांनी कोट्यवधी वर्षे गाळ ओतला. दामोदर, महानदी, सोन, वर्धा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत तोच गाळ आज खडक होऊन बसला आहे. खालच्या थरांत कोळसा, वर वाळूचे दगड आणि तांबड्या मातीचे थर. विदर्भाच्या पूर्व भागावर लाव्हा एक तर पोहोचला नाही किंवा पुढे झिजून गेला, म्हणून हे जुने थर तिथे उघडे पडले. कोळसा जिथे आहे तिथे जीवाश्म मिळण्याची शक्यता का असते, याचे उत्तर या रचनेत आहे.

या साऱ्या खडकसमूहाला ‘गोंडवन’ हे नाव १८७०च्या दशकात हेन्री मेडलिकॉट आणि ओट्टोकार फाइस्टमांटेल या भूशास्त्रज्ञांच्या लेखनातून रूढ झाले. पुढे एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने संपूर्ण प्राचीन दक्षिण भूखंडालाच ते बहाल केले. ज्या गोंड राजांचे चंद्रपूर १७५१मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतले, त्यांच्या मुलुखाचे नाव आज अर्जेंटिनापासून टास्मानियापर्यंतच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागते. मराठी इतिहासलेखनात गोंड राज्याला मिळणारी जागा आणि या नावाचा जगभरचा पसारा यांची तुलना केली तर लाज वाटावी असे अंतर दिसते.

मांगलीची कथा मात्र या नामकरणाच्या आधीची. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५च्या प्रारंभी नागपुरात आले. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. धर्मप्रसार आणि शाळा ही त्यांची कामे. आजचे हिस्लॉप कॉलेज हे त्याच नावाचे. परंतु फिरताना दोघांचीही नजर जमिनीवर असे. नागपूरजवळच्या टाकळी येथील लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात त्यांना गोगलगाई, फळे, बिया यांचे जीवाश्म सापडले. दक्षिणेकडे वळल्यावर मांगली लागली. तेथील तांबूस, बारीक कणांच्या वाळूच्या दगडातून एक कवटी हाती आली.

ही कवटी लंडनला गेली. ‘डायनासोर’ या शब्दाला १८४२मध्ये जन्म देणारे रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले आणि १८५५च्या लंडन जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात ते प्रसिद्ध झाले. प्राण्याला नाव मिळाले ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स: आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. त्याच खंडात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील दीर्घ निबंधही आहे.

१८५५ या सालावर इतिहासप्रेमींनी क्षणभर थांबावे. डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तले, १८५४मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि भोसल्यांच्या वाड्यातील जडजवाहीर, सामानसुमान लिलावात निघाले. नागपूरची संपत्ती हातोड्याखाली विकली जात असताना नागपूरच्याच मुलुखातील एक दगड लंडनमध्ये नाव धारण करत होता. पहिल्या घटनेची हळहळ आजही ऐकू येते, आणि ती रास्तच आहे. दुसरीची आठवणही नाही.

ओवेन यांनी ब्रॅकिओप्सला सरपटणाऱ्या प्राण्यांत घातले. आजचे शास्त्र त्याला उभयचरांच्या एका लुप्त गटात ठेवते. बेडूक आणि सॅलमँडर यांचे दूरचे आप्त असे हे प्राणी. चपटे डोके, आखूड मुस्कट, पुढच्या बाजूला आलेले डोळे. नदीच्या किंवा तळ्याच्या तळाशी दबा धरून, जवळून जाणारा मासा एकदम जबड्यात ओढून घेणे हा त्यांचा उद्योग असावा. या कवटीच्या नावावरूनच ब्रॅकिओपिडी हे अख्खे कुळ ओळखले जाते आणि त्या कुळातील प्राण्यांचे अवशेष दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चीन अशा दूरदूरच्या देशांत मिळाले आहेत. कुळाचे नाव मात्र मांगलीच्या कवटीवर बेतलेले.

तिचे महत्त्व तिच्या काळामुळेही आहे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या सायबेरियात लाव्ह्याचे प्रचंड पूर आले आणि त्यासोबत पृथ्वीवरील जीवसृष्टीचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. समुद्रातील बहुसंख्य जाती नाहीशा झाल्या, जमिनीवरही वाताहत झाली. मांगलीचा थर सामान्यतः त्या संहारानंतरच्या पहिल्या काळातला, आरंभीच्या ट्रायासिकमधला मानला जातो. म्हणजे ब्रॅकिओप्स हा राखेतून उठलेल्या जगाचा रहिवासी. लाव्ह्याचा असाच दुसरा मोठा पूर दक्खनच्या पठारावर आला, तो पुढे सुमारे १८ कोटी वर्षांनी. डायनासोरांच्या अंताला तो किती जबाबदार आणि मेक्सिकोतील उल्कापात किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून शमलेला नाही. पण मलकापूरच्या घराघराच्या जोत्यात बसवलेला काळा दगड हा एका संहाराच्या वेळचा साक्षीदार आहे आणि मांगलीचा तांबूस दगड दुसऱ्या संहारानंतरचा. एकाच राज्याच्या दोन टोकांना या दोन साक्षी उभ्या आहेत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात शोभली असती.

मांगलीच्या त्याच दगडात आणखी एक इवला प्राणी विपुल मिळाला. शिंपल्यासारख्या दोन झडपांच्या आत राहणारा, कोळंबीचा दूरचा नातलग. रूपर्ट जोन्स यांनी १८६२मध्ये त्याला ‘एस्थेरिया मांगालिएन्सिस’ म्हटले; गावाचे नाव असे थेट लॅटिनात गेले. हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातून याच गटातले जिवंत प्राणीही विलायतेला धाडले होते. त्यांतील एकाला १८५९मध्ये त्यांचेच नाव मिळाले. आज ‘सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी’ म्हणून ओळखली जाणारी ही जात उष्ण प्रदेशांतील गोड्या पाण्यात अजूनही नांदते आहे. याच गटातील इतर प्राणी पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर साचलेल्या उथळ डबक्यांतही दिसतात: डबके भरले की जन्मतात, आटण्यापूर्वी अंडी घालतात, आणि ती अंडी पुढच्या पावसापर्यंत कोरड्या मातीत तग धरतात. पावनखिंडीकडे जाणारा जो तरुण असे डबके उडी मारून ओलांडतो, त्याने मांगलीच्या रहिवाशांचे आजचे भाऊबंद ओलांडलेले असतात.

आता मूळ मुद्दा. गेल्या काही वर्षांत इतिहासप्रेमी तरुणांमध्ये ‘आमचे आम्हाला परत द्या’ हा सूर प्रबळ झाला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात काही वर्षांच्या उसनवारीवर आली, तेव्हा त्या सुराला मोठे बळ मिळाले. या न्यायाने कोणी म्हणेल की मांगलीची कवटीही परत आणावी. भावना समजण्याजोगी आहे. मागणी मात्र चुकीच्या ठिकाणी नेम धरते.

तलवार किंवा वाघनख ज्याच्या हाती होते त्याच्यामुळे मोलाचे ठरते. जीवाश्माचे मोल तो ज्या थरात होता त्या थरामुळे ठरते. कवटी कुठल्या दगडात, किती खोल, कुठल्या दिशेला तोंड करून, कोणाच्या शेजारी पडली होती, हे कळले नाही तर उरते ते एक कुतूहलाचे हाड. कवटी लंडनला गेली तरी थर मांगलीतच राहिला. परत आणण्याचा प्रश्नच नसलेली, इथेच असलेली आणि अधिक मोलाची वस्तू तो थर आहे.

हे केवळ तात्त्विक बोलणे नाही. त्याचा धडधडीत दाखला प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातील आसिफाबाद भागात मिळतो. तिथे मालेरी हे गाव आहे. जुन्या इंग्रजी लेखनात ‘मालेडी’. येथील तांबडी माती मांगलीहून नंतरची, उत्तर ट्रायासिक काळातली. हिस्लॉप यांच्या काळापासून तिथून हाडे आणि दात जमा होत गेले. टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९मध्ये तेथील सेराटोडस या फुप्फुसमाशाच्या दातांची नोंद केली. १८८५मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी सुसरीसारख्या एका प्राण्याला ‘पॅरासूकस हिस्लॉपी’ असे नाव दिले.

हिस्लॉप तोवर हयात नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्रीच्या वेळी पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. वय ४५. त्यांनी गोळा केलेली गोंडांविषयीची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६मध्ये छापली. मिशनरी म्हणून त्यांचा हेतू काय होता यावर टीका जरूर व्हावी, पण गावांची नावे नोंदवण्याची त्यांची शिस्त त्या टीकेत वाहून जाऊ नये. ‘मध्य भारतातील एक कवटी’ एवढेच लिहून भागले असते. तसे न होता ओवेन यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मांगली आली. ज्या हातांनी तो दगड फोडला, त्यांचे नाव मात्र कुठल्याच लॅटिन नावात नाही.

तर पॅरासूकस. लिडेकर यांनी ज्या तुकड्यांवर हे नाव बेतले ते जमिनीवरून वेचलेले, सुटे तुकडे होते. जवळजवळ एका शतकाने शंकर चॅटर्जी यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा एक विचित्र गोष्ट उघड झाली: त्यांत दोन निरनिराळ्या प्राण्यांची हाडे मिसळली होती. कवटीच्या मागच्या भागाचा तुकडा चक्क हायपरोडॅपेडॉन या चोचीच्या, वनस्पती खाणाऱ्या प्राण्याचा निघाला. हिस्लॉप यांच्या नावाचा प्राणी कागदावर अर्धा सुसरीसारखा आणि अर्धा दुसराच ठरला. थराची नोंद नसली की असे होते.

हा गुंता सोडवला तो कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोरांचे काम कसे, असा प्रश्न पडेल. संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७च्या सुमारास लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना आमंत्रण दिले आणि प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पद्धतशीर शोध सुरू झाला. थर मोजले गेले, नकाशे आखले गेले, हाडे जागच्या जागी नोंदवून मग उचलली गेली. त्यातून मालेरीच्या मातीतून पॅरासूकसचे दोन जवळजवळ संपूर्ण सांगाडे निघाले. दोन्ही सांगाड्यांच्या पोटाच्या जागी लहान सरड्यासारख्या एका प्राण्याची हाडे होती. तो प्राणीही शास्त्राला नवा. चॅटर्जी यांनी १९८०मध्ये त्याला मालेरीसॉरस रॉबिन्सने म्हटले.

शेवटचे जेवण पोटात असलेला सांगाडा! विखुरलेल्या दातांच्या ढिगातून ही गोष्ट कधीच समजली नसती. ती समजली, कारण हाडे थरातून सुटण्याआधी कोणीतरी तिथे पोहोचले होते. पुढे २००३मध्ये प्राणिनामांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने लिडेकर यांचा संमिश्र नमुना बाजूला ठेवून यांपैकी एका सांगाड्याला ‘पॅरासूकस हिस्लॉपी’ या नावाचा अधिकृत आधार ठरवले. जुन्या, संमिश्र नमुन्यावर अवलंबून राहण्याची गरजच उरली नाही. कोलकात्यातील सांगाडाच जगाचे प्रमाण झाला. परत मिळवण्याच्या ज्या काही रीती असतील त्यांत याहून भरघोस कोणती असेल, हे सांगणे कठीण आहे.

आणि ही खाण आटलेली नाही. २०२५मध्ये मालेरीच्या वरच्या थरातून एका मांसाहारी डायनासोराला ‘मालेरीरॅप्टर कुट्टी’ असे नाव मिळाले. ज्यांच्या शोधामुळे हे शक्य झाले, त्या टी. एस. कुट्टी या इन्स्टिट्यूटच्याच शास्त्रज्ञाचा हा सन्मान. नावाचा पहिला भाग गावाचा, दुसरा इथल्याच अभ्यासकाचा. १८८५पासून २०२५पर्यंतचा प्रवास या दोन नावांत वाचता येतो.

वर्धा खोऱ्याची स्थिती वेगळी आहे. तिथे ट्रायासिक थर ज्या कामठी वाळूच्या दगडांत येतात, ते दगड कोळशाच्या थरांच्या वर आहेत. खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचायचे तर वरचा दगड फोडून बाजूला टाकावा लागतो. खाणीच्या हिशेबात त्याला निरुपयोगी भार म्हणतात. वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यातून जाणाऱ्यांनी या टाकलेल्या दगडमातीचे डोंगर पाहिलेले असतात. कोळसा काढूच नये असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या पट्ट्यातली हजारो घरे त्यावर चालतात. पण स्फोट होण्यापूर्वी वरच्या थरांची पाहणी, छायाचित्रे, मोजमाप आणि नमुन्यांची नोंद एवढे करणे अशक्य नाही. एकदा ढिगाऱ्यात गेलेला दगड कुठल्या थरातला होता हे जगातला कोणताही तज्ज्ञ सांगू शकत नाही. पॅरासूकसचा घोळ दोन प्राण्यांचा होता. ढिगाऱ्यातला घोळ कायमचा असतो.

केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. गडांच्या तटबंदीचा एक चिरा हलला तर रान उठवणाऱ्या, आणि ते उठवलेच पाहिजे अशा, तरुणांनी असे मसुदे वाचायला हवेत, त्यांत जीवाश्मांच्या थरांना काय संरक्षण आहे हे विचारायला हवे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मोठे कार्यालय नागपुरात आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ साली म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूच्याच वर्षी स्थापन झाला. लंडनकडे काही मागायचेच असेल तर ब्रॅकिओप्सच्या कवटीची अचूक प्रतिकृती आणि तिचे त्रिमितीय मोजमाप मागावे. प्रतिकृती अजब बंगल्यात ठेवावी, दुसरी मांगलीच्या शाळेत. तिथल्या मुलाने ती हातात घेऊन आखूड मुस्कटावरून बोट फिरवावे आणि तो तांबूस दगड आपल्या गावात नेमका कुठे उघडा पडला आहे, हे पाहुण्यांना दाखवावे.